ओसाडीचे सौंदर्यशास्त्र

लडाखची चित्रे आता मराठी दिवाणखान्याला नवी राहिलेली नाहीत. मुंबईच्या काळ्या घोड्यावर असो, पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात असो की एखाद्या तालुक्याच्या गावी भरलेल्या सामूहिक प्रदर्शनात असो, एका भिंतीवर तरी गेरू आणि पिवळ्या मातीचे ते डोंगर असतात, त्यावर अनैसर्गिक वाटावे इतके निळे आकाश असते आणि कोपऱ्यात एखादा गोंपा किंवा वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताकांची माळ असते. लडाख नसेल तर स्पिती असते. स्पिती नसेल तर किन्नौर. चित्रे वाईट नसतात. पुष्कळदा ती हातखंडा असतात. तक्रार आहे ती निराळीच. या चित्रांमधून माणूस गेला आहे, आणि तो कुठे गेला असे कोणी विचारत नाही. उलट तो गेला याबद्दल चित्रकाराचे अभिनंदन होते.

हे अभिनंदन कोणत्या भाषेत होते ते पाहण्यासारखे आहे, कारण इथे प्रश्न चित्रकलेच्या हद्दीतून साहित्याच्या हद्दीत येतो. प्रदर्शनाच्या पुस्तिकांतला मराठी मजकूर घ्या. 'मौन', 'अनंत', 'आदिम', 'आंतरिक प्रवास', 'स्वतःचा शोध' ही पाच नाणी त्यात आलटूनपालटून खुळखुळत असतात. डोंगर 'ध्यानस्थ' असतात, दरी 'स्तब्ध' असते, आणि सरोवर तर नेहमीच 'अंतर्मुख'. शाळेत आपण ज्या अलंकाराला चेतनगुणोक्ती म्हणून शिकलो, तो इथे अलंकार राहिलेला नाही, तो सिद्धान्त झाला आहे. अचेतनावर चेतनेचा आरोप करायला हरकत नाही. मराठी कवितेने तो शतकानुशतके केला आहे. पण जिथे प्रत्यक्ष चेतन माणसे आहेत तिथून ती पुसून मग त्यांच्या जागी दगडाला ध्यानाला बसवायचे, यात अलंकारापेक्षा अदलाबदल अधिक आहे.

लडाख १९७४ साली पर्यटकांना खुले झाले. त्याआधीही तिथे माणसे होतीच. पश्मिना देणाऱ्या शेळ्या घेऊन चांगथांगच्या पठारावर फिरणारे चांगपा होते, जव पिकवणारी गावे होती, यारकंदकडे जाणाऱ्या व्यापाराचे तांडे होते. आज चित्रकार ज्या रस्त्याने तिथे पोचतो, तो रस्ता १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेच्या देखरेखीखाली बांधला आणि राखला जातो, आणि त्यावर खडी फोडणारे, डांबर उकळणारे मजूर मोठ्या संख्येने झारखंडातून येतात. दुमक्याकडचा आदिवासी समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार मीटर उंचीवर तोंडाला फडके गुंडाळून डांबराच्या पिंपाजवळ उभा आहे, हे लडाखच्या वाटेवरचे रोजचे दृश्य आहे. गाडीच्या खिडकीतून ते न दिसणे अशक्य. तरी ते चित्रात नसते. त्या माणसामागच्या डोंगराचा पोत मात्र बारकाईने आलेला असतो. सैन्याच्या छावण्या, मोटारींचे ताफे, विजेच्या तारा यांचीही हीच गत. त्यांना चित्रातून काढताना चित्रकार म्हणतो की मी 'अनावश्यक तपशील' वगळला. अनावश्यक कोणाला?

याचे तात्त्विक समर्थन 'उदात्त' या शब्दाने केले जाते. एम.ए.च्या वर्गात लाँजायनसपासून कांटपर्यंतची वाट चालून आलेल्यांना हे ओळखीचे आहे. पण कांटचे एक कलम आपण वाचून विसरतो. १७९० च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की खवळलेला समुद्र, वीज, ज्वालामुखी यांचे दर्शन आकर्षक ठरते ते पाहणारा सुरक्षित जागी उभा असेल तरच. उदात्ताचा अनुभव घ्यायला आधी सुरक्षिततेची सोय लागते. म्हणजे उदात्त ही वस्तूची नव्हे, तर पाहणाऱ्याच्या जागेची गोष्ट आहे. आणि जागा म्हटली की ती कोणाला परवडते, कोण तिथे चार दिवसांसाठी येतो आणि कोण तिथेच राहतो, हे प्रश्न आलेच. मराठीत आपण 'उदात्त' शब्दाला नैतिकतेचा सुगंध लावून ठेवल्यामुळे (उदात्त विचार, उदात्त चारित्र्य) हा सारा हिशेब झाकून जातो. डोंगर उदात्त, म्हणून डोंगर रंगवणाराही उदात्त.

रिकाम्या उत्तरेची ही कल्पना आपण शोधलेली नाही. तिचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडाचे. १९२० साली टोरांटोत 'ग्रूप ऑफ सेव्हन' या नावाने सात चित्रकार एकत्र आले. लॉरेन हॅरिस, ए. वाय. जॅक्सन ही त्यांतली मोठी नावे. त्यांचा प्रेरणापुरुष टॉम थॉमसन १९१७ सालीच अल्गॉन्क्विन उद्यानातल्या कनू लेकमध्ये बुडून मरण पावला होता. या मंडळींनी उत्तरेची अरण्ये, तळी, वाऱ्याने वाकलेले पाइन अशी काही रंगवली की ती चित्रे म्हणजेच कॅनडा, असे राष्ट्राने मानले. १९३० साली हॅरिस आणि जॅक्सन थेट आर्क्टिकपर्यंत जाऊन आले. चित्रे म्हणून त्यांतली कित्येक थोर आहेत, हॅरिसचे हिमनग तर विसरता येत नाहीत. पण पुढच्या पिढ्यांतल्या समीक्षकांनी, आणि विशेषतः तिथल्या मूळ रहिवाशांनी, साधा प्रश्न विचारला: ज्या भूमीवर अल्गॉन्क्विन लोक हजारो वर्षे राहत आले, ती 'निर्जन' कशी? १८९३ साली राखलेल्या त्या उद्यानात लाकूडतोड जोरात चालत असे; थॉमसन स्वतः वाटाड्याचे आणि वणव्यावर पहारा ठेवण्याचे काम करत असे. म्हणजे ते अरण्य कामाने भरलेले होते. चित्रात मात्र शिल्लक राहिला एक पाइन आणि त्यापलीकडचे पाणी. कॅनडाच्या समीक्षेने आपल्या लाडक्या चित्रकारांना असे उलटेपालटे करून पाहिले. त्याने त्यांची चित्रे कमी झाली नाहीत, वाचणे मात्र वाढले. आपल्याकडे हे झालेले नाही. आपण अजून पुस्तिका लिहीत आहोत.

आपल्या परंपरेत उत्तरेकडे गेलेले चित्रकार नव्हते असे नाही, आणि गंमत अशी की त्यांच्या प्रवासांची कारणे आजच्या 'आत्मशोधा'पेक्षा कितीतरी स्वच्छ होती. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७८९ साली गढवालातल्या श्रीनगरापर्यंत पोचले ते छापील चित्रांची बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून. निकोलस रोरिक १९२८ साली कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झाला आणि १९४७ साली वारला तोवर हिमालयच रंगवत राहिला. त्याचा अध्यात्मवाद आपल्याला पटो वा न पटो, तो तिथे एकोणीस वर्षे राहिला. इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे १९३६ च्या सुमारास काश्मीरला गेले ते तिथल्या पर्यटक-कचेरीत चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरीला. पगार होता, प्रवाशांना आकर्षून घ्यायचे हे काम होते, आणि ते लपवलेले नव्हते. मराठी चित्रकलेत काश्मीर आले ते असे, पर्यटन खात्याच्या दारातून! पण म्हणूनच बेंद्र्यांच्या चित्रात बाजार आहे, पाठीवर ओझे घेतलेली बाई आहे. पुढे बडोद्याला अध्यापन करतानाही त्यांनी माणसांनी गजबजलेल्या दृश्याचा तिरस्कार कधी शिकवला नाही. इंदूरच्याच देवयानी जाधव, म्हणजे पुढच्या देवयानी कृष्ण, जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, कंवल कृष्ण यांच्यासह त्या सिक्कीम आणि तिबेटच्या सरहद्दीवर हिंडल्या. तिबेटी मुखवट्यांनी त्यांना झपाटले. कंवल कृष्ण तर १९४० साली ब्रिटिश मंडळाबरोबर चित्रकार म्हणून ल्हासाला गेले होते, आणि दलाई लामांच्या सिंहासनारोहणाचे सोहळे त्यांनी रेखाटले. हिमालयात जाऊन माणसाचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावरचा मुखवटा पाहणे शक्य आहे, याला याहून निराळा पुरावा नको.

आणि उत्तरेच्या प्रवासाचे मराठीतले आद्य म्हणावे असे पुस्तक तर रायगड जिल्ह्यातल्याच माणसाचे आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यासाठी; बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. मिळाले ते बंड. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आपण सगळेच शिकवतो, पण निसर्गवर्णनाचा ग्रंथ म्हणून नव्हे, आणि ते बरोबरच आहे. गोडसे भटजींना नदी दिसते ती ओलांडायची म्हणून, रान दिसते ते त्यात लुटारू असतील म्हणून; गंगेचे पाणी त्यांनी कावडीतून आईवडिलांसाठी घरी आणले, त्या पाण्याला वजन होते. ज्याला भूमीतून पायी जायचे असते त्याच्या लेखी भूमी रिकामी नसते. आजच्या चित्रकाराने भटजींसारखे पायी जावे असे कोणी म्हणत नाही. पण तो कशासाठी गेला हे त्याने तेवढ्याच सरळपणे सांगितले, तर निम्मी पुस्तिका आपोआप गळून पडेल.

आता थोडे तंत्राविषयी, कारण आशयावरचा वाद तंत्राच्या आडोशाला नेण्याची चित्रकारांची सवय असते. आपल्याकडची जलरंगाची शिस्त १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूलमधून आली, म्हणजे मुळात ती दमट इंग्लंडची. दूरचा डोंगर फिका आणि निळसर होत जातो, कडा मावळतात, हा तिचा पहिला धडा. कोकणात हा धडा बिनचूक लागू पडतो. इथल्या हवेतच पाणी आहे, कागद वाळत नाही, एक वॉश दुसऱ्यात शिरतो. लडाखच्या विरळ, कोरड्या हवेत हे सारे उलटते. तीस मैलांवरचा कडा तीन मैलांवरच्या कड्याइतकाच धारदार दिसतो, रंग कागदावर टेकताटेकता सुकतो, आणि अंतर ओळखायला एकच मोजमाप उरते: माणूस, याक, घर, रस्ता. म्हणजे जिथे दृश्याला खोली देण्यासाठी माणसाची सर्वाधिक गरज, तिथेच तो काढून टाकला जातो! मग अंतर दाखवायला चित्रकार काय करतो? तो मुरूड-अलिबागच्या हवेतला निळा धूसरपणा लेहच्या डोंगरांवर पसरतो. हजार मैलांवर जाऊन त्याने तिथली हवासुद्धा पाहिलेली नसते. 'आंतरिक प्रवास' म्हणतात तो बहुधा हाच, बाहेर पाऊल न टाकता केलेला.

याच्या उलट बाजूला कोकण आहे, आणि इथे आगरदांड्याचे नाव घेतो. मुरूडपासून थोड्या मैलांवर, राजपुरीच्या खाडीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. समोर दक्षिण काठावर दिघी, आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. नावातले दोन्ही शब्द पाहा. आगर म्हणजे नारळी-पोफळीची लागवड किंवा मिठाचे आगर, कोणताही अर्थ घेतला तरी माणसाने घडवलेली जमीन. दांडा म्हणजे पाण्यात शिरलेली जमिनीची पट्टी. निम्मे नाव भूगोलाचे आणि निम्मे घामाचे. खाडीच्या आतल्या अंगाला कुड्याची लेणी आहेत, सव्वीस, बौद्ध, दोन हजार वर्षांच्या घरातली. तिथल्या दानलेखांत महाभोजांच्या घराण्याबरोबर एक माळी आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. या पाण्यावरून तेव्हापासून माल जात आहे. पुढे सिद्दी आले, त्यांचे घुमट खोकरीला आहेत. संस्थान १९४८ साली विलीन झाले. आगरदांड्याहून दिघीला गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीला लोक 'जंगलजेटी' म्हणतात. (अरण्याच्या शोधात लेहला जाणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे: इथे जंगल धक्क्याला बांधून ठेवलेले असते, आणि त्यात एसटीसुद्धा चढते.)

खरे रानही जवळच आहे. मुरूड-रोह्याच्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे. १९८६ साली ते अभयारण्य झाले. त्याआधी ती जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारगाह होती. नवाबाने राखली म्हणून झाडे उरली, आणि राखली याचा अर्थ आसपासच्या गावांना आणि कातकऱ्यांना तिथून लांब ठेवले. कोणतेही अरण्य उघडून पाहिले तर आत असा मालकीहक्काचा कागद निघतो. जो चित्रकार फणसाडमध्ये बसून शेकरू आणि वेली रंगवतो त्याने तो कागद चित्रात चिकटवावा असे नव्हे. पण तो आहे हे ज्याच्या डोळ्याला ठाऊक आहे, त्याची झाडाखालची सावली निराळी पडते.

मग या आगरदांड्याची चित्रे कुठे आहेत? जंजिऱ्याची आहेत, ढिगाने आहेत. राजपुरीच्या होड्यांचीही आहेत, शिडे उभारलेली, मावळतीला, माडांच्या काळ्या रेघांमधून. खाडीचा धक्का, त्यावरचे लोखंडी फाटक, फेरीबोटीची वाट बघणारे ट्रक, जाळी शिवणारे कोळी, कर्दमात उभी तिवरे आणि त्यापलीकडे बंदराच्या क्रेनी, हे एकाच नजरेत मावणारे दृश्य मात्र 'कोकण' ठरत नाही. त्याला कोणी 'निसर्ग' म्हणत नाही. मराठीत या चित्रप्रकाराचे नावच निसर्गचित्र असे पडले, आणि त्या नावाने घात केला. इंग्रजी शब्दात निदान भूमी आहे. आपल्या शब्दात निसर्ग आहे, आणि निसर्ग म्हणजे माणूस वजा जाता उरते ते, अशी आपली समजूत. या समजुतीला या किनाऱ्यावर एक क्रूर उत्तर मिळाले. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांमधले माड-पोफळी आडवे झाले. वादळाचे नाव होते निसर्ग. नाव बांगलादेशाने सुचवले होते, नव्या यादीतले पहिलेच. योजून काही झाले नव्हते. पण त्या दिवसानंतर आगरातली पोफळ हे 'दृश्य' राहिले नाही. नवे रोप धरायला वर्षे लागतात, वाडीवाल्याची ती वर्षे कर्जाची असतात. आणि तरी चित्रांमधले माड उभेच, वाऱ्याने कलते आणि सुरेख.

इथे कोणी देशीवादाचा झेंडा घेऊन पुढे येईल आणि म्हणेल, बघा, आम्ही सांगतच होतो, आपल्या मातीतले रंगवा. त्यांनी घाई करू नये. आपल्या मातीतले म्हणून जे रंगवले जाते तेच तर हे माड आणि शिडे आहेत. लडाखचा रिकामा डोंगर आणि कोकणचा कलता माड यांत अंतर हजार मैलांचे असेल, दृष्टीचे अजिबात नाही. दोन्हींत राहणारा माणूस वजा आहे आणि येणारा माणूस गृहीत आहे. जवळचे रंगवले की खरे रंगवले, हे समीकरण भाबडे आहे. आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि तिथल्याच तळ्याकाठी, नदीकाठी जन्मभर चित्रे काढत बसले, त्यांचे मोठेपण जागा जवळची होती यात नव्हते. एका तळ्याकडे किती वेळा परत जायचे याची त्यांना मोजदाद नव्हती, यात होते. आगरदांड्याला राहणाऱ्याने तिबेट रंगवावे, जरूर रंगवावे. देवयानी कृष्ण इंदूरच्याच ना?

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर इतके शब्द खर्चायचे कारण नव्हते. रिकामी भूमी पाहणारा डोळा आणखी एका कचेरीत असतो. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नावाचा रकाना आहे. लागवडीला निरुपयोगी म्हणून जे वजा करायचे ते त्यात जाते. खडक, ओढा, कातळ तिथे जमा होतात. खाडीकाठची खाजणे आणि कांदळवने सरकारी डोळ्याला अशीच कितीतरी वर्षे ओसाड दिसत होती. भराव घालायला मोकळी जागा, एवढीच त्यांची ओळख. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीला मनाई केली तेव्हा कुठे त्या चिखलाला कायद्याच्या भाषेत झाड मिळाले. त्याआधी ते कोणाच्या चित्रात होते? माशांची अंडी तिथे वाढतात, कोळणी पायाने चाचपत तिथे शिंपल्या काढतात, भरतीचा मार तीच तिवरे अंगावर घेतात. डोंगरातल्या कातळावर कातकऱ्याचा वावर असतो. हे सगळे ज्याला 'काही नाही' असे दिसते, तो मग जरीपटका लावून येवो की कुंचला घेऊन येवो, निकाल एकच देतो.

आज या खाडीच्या दोन्ही काठांवर जे चालले आहे ते पाहता हा निकाल स्वस्त नाही. दिघी बंदराचे धक्के दिघीला आहेत तसे आगरदांड्यालाही आहेत. दिवाळखोरीत गेलेले हे बंदर २०२१ साली अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना घेतले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक नगरे मंजूर केली, त्यांत दिघीचे नाव आहे. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गात आगरदांडा-दिघी असा खाडीपूल आखलेला आहे. यातले काय चांगले, काय वाईट यावर गावातच दोन मते असतील, असायलाच हवीत. फेरीबोटीसाठी तासभर ताटकळणाऱ्या आजारी माणसाला पूल हवाच असणार. पण जी जागा बदलते आहे ती आधी कशी होती, तिथे कोण काय करत होते, याचा चित्ररूप पुरावा म्हणून आपल्याकडे उद्या काय असेल? माडाच्या सावलीत एक किल्ला. बदलाच्या बाजूने बोलणाऱ्याला याहून सोयीचे चित्र कोणते! त्यात कोणी राहतच नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. रामकुमार यांचे काय? बनारस त्यांनी माणसांशिवाय रंगवले, पुढे लडाख पाहून आल्यावर चित्रांतली घरेही विरघळली. माणूस काढून टाकणे हा दोष असेल तर आधुनिक भारतीय चित्रकलेतला हा मोठा माणूस प्रथम दोषी ठरतो. हा आक्षेप करणारे रामकुमारांची १९५० च्या दशकातली चित्रे विसरतात. बेकार तरुण, थकलेले कारकून, शहरात हरवलेली जोडपी, हीच माणसे त्यांनी वर्षानुवर्षे रंगवली; शिवाय ते हिंदीतले कथाकार होते, तिथेही माणसेच. १९६० च्या सुमारास हुसेन यांच्याबरोबर ते बनारसला गेले, आणि घाटावरच्या गर्दीपुढे, मरणापुढे, त्यांच्या चित्रातला माणूस गळून पडला. त्या रिकामेपणाला मागे दहा वर्षांची गर्दी आहे. घाटाच्या एकेका दगडात ती ऐकू येते. कमावलेले रिकामेपण आणि आयते रिकामेपण यांत फरक कसा करायचा, असे विद्यार्थी विचारतात. रिकाम्या जागी पूर्वी काय होते हे चित्रच सांगते का, ते पाहावे. ज्याने कधी माणूस रंगवलाच नाही, त्याने तो वगळला असे म्हणता येत नाही. त्याला तो दिसलेला नव्हता, एवढेच.

साहित्यात आपण यापुढे पुष्कळ आलो आहोत, आणि म्हणूनच चित्रकलेवर लिहिताना आपली साहित्याची माणसे इतकी मागे का जातात याचे नवल वाटते. मर्ढेकरांनी चाळीसच्या दशकातच मुंबईचे बंदर, गोदीसकट आणि कामगारांसकट, सकाळच्या सौंदर्याचा विषय केले. त्यातली यंत्रे झाकून ठेवावीत असे त्यांना वाटले नाही. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'त झाडे आहेत तशा त्या झाडांभोवतीच्या लोककथा आणि बायाही आहेत. चित्रकारांपैकीच प्रल्हाद अनंत धोंड घ्या. जे. जे.चे प्रमुखपद भूषवलेले, समुद्राची जलरंगचित्रे हा ज्यांचा हातचा विषय, त्या धोंडांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिले 'रापण'. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या गावाने मिळून ओढायचे जाळे. त्यात किती माणसे लागतात हे किनाऱ्यावर वाढलेल्याला ठाऊक असते. समुद्र रंगवणाऱ्याला समुद्राचे नाव न सुचता जाळ्याचे सुचले, आणि आपण अजून 'अथांग' लिहितो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी संपादक वा दालनचालक हिमालयावरच्या चित्रांसाठी चार ओळी मागायला मराठीच्या प्राध्यापकाकडे आला (ते मराठीच्याच प्राध्यापकाकडे येतात, हा अनुभव आहे), तर त्याने आधी चित्रकाराला विचारावे: किती दिवस होतात? गाडी कोणी चालवली? जिथे बसून हे काढलेत तिथे पाठीमागे काय होते? उत्तरे आली तर चार ओळींऐवजी चाळीस लिहिता येतील. आणि ज्यांना लेहचे भाडे परवडत नाही अशा कलाविद्यार्थ्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आगरदांड्याला जावे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पहिल्या सरीने धक्का चिकट झालेला असतो, कागद वाळत नाही, आणि काठावर रिकामे बसलेले कोळी तुमच्या चित्राकडे पाहून त्यात काय चुकले ते न विचारता सांगतात.